ट्रॉलीच्या वरून उडून जाता आलं तर?

गळीत हंगामात बारामतीहून इंदापूरला निघालात, की भवानीनगरच्या आसपास उसाच्या जोडट्रॉलीमागे गाडी हमखास अडकते. वर बारामती विमानतळावरचं शिकाऊ विमान निवांत घिरट्या घालत असतं. आपलीही गाडी अशीच उचलता आली तर, हे तिथे मनात न आलेला माणूस विरळा.

त्या विमानांकडे जरा नीट पाहू. २५ जुलै २०२२ रोजी त्यांतलं एक, सेसना १५२, इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शेतात कोसळलं. आत एकटीच असलेली शिकाऊ वैमानिक किरकोळ जखमांवर वाचली. या जातीच्या विमानाचं इंजिन बंद पडलं, तरी ते दगडासारखं खाली येत नाही. किलोमीटरभर उंचीवरून ते नुसत्या पंखांवर आठ-नऊ किलोमीटर तरंगत जातं. तेवढ्यात मोकळं रान हेरायचं.

अंगणातून सरळ वर उठणाऱ्या, बिनपंखी मोटारीला ही सवलत नाही. तिचं सगळं वजन पंख्यांनी खाली ढकललेल्या हवेवर. हजार किलोची गाडी घ्या, पंख्यांच्या चकत्यांचं एकूण क्षेत्रफळ दहा चौरस मीटर धरा. नुसतं अधांतरी राहायला अडीचशे किलोवॉटच्या वर शक्ती लागते. एका मिनिटाला चार युनिटहून जास्त वीज! तेवढ्यात रस्त्यावरची छोटी इलेक्ट्रिक गाडी तीसेक किलोमीटर जाते, म्हणजे इंदापूरची निम्म्याहून अधिक वाट सरते. त्यात आपला एप्रिल-मे. बेचाळीस अंशांवर हवा विरळ होते आणि हा खर्च आणखी वाढतो.

पंखवाली मोटार यापेक्षा शहाणी. स्लोव्हाकियातली ‘एअरकार’ २८ जून २०२१ रोजी नित्राहून ब्रातिस्लाव्हाला ३५ मिनिटांत उडत गेली आणि उतरल्यावर पंख मिटून रस्त्याने शहरात शिरली. पण ती धावपट्टीवरून धावपट्टीवर गेली. बारामतीत धावपट्टी आहे. इंदापूरच्या बाजारात कुठे उतरणार? शिवाय खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठीच किमान ४० तासांचं उड्डाण लागतं. (आपल्याकडे ट्रॅक्टरचा परवाना किती जणांकडे असतो, ते विचारू नका.)

हौस म्हणून उडती मोटार जरूर यावी. रोजच्या बारामती-इंदापूर खेपेला मात्र ती कामाची नाही. तिथे ट्रॉलीमागे रिफ्लेक्टर लावा, एवढंच सध्या मागणं.