वैशाखातले डोहाळे

सातवा महिना आणि वैशाख महिना एकाच वेळी आले की त्या बाईची कीव करायची, असा आपल्या समाजाचा अलिखित नियम आहे. हळदीकुंकवाला जा, लग्नाच्या मांडवात जा, नाहीतर डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या बाकावर बसा, कुणीतरी कपाळाला आठ्या घालून म्हणणारच, "अगबाई, ऐन उन्हाळ्यात का ग?" जणू काही त्या बिचारीने पंचांगाचे पान चुकीचे उलटले! त्यातून ती पनवेलची असेल तर बघायलाच नको. नागपूर-अकोल्याचे ऊन भाजून काढते. आमच्या पनवेलचे ऊन उकडून काढते. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला प्रबळगड-कर्नाळ्याचे डोंगर आणि मधली हवा इतकी दमट की, अंगावरचा घाम वाळायचे नाव घेत नाही. घाम वाळतो तेव्हाच अंग निवते, असे शाळेत शिकवतात. तो वाळलाच नाही तर काय होते, ते पनवेल शिकवते.

हे सगळे मला मान्य आहे. तरीसुद्धा या बदनाम ऋतूचे वकीलपत्र मी आज घेणार आहे. आणि ते दिवाळीच्या अंकात घेण्यालाही कारण आहे. हा अंक ज्यांच्या हाती पडेल, त्यांच्यापैकी ज्यांना नुकतेच दिवस गेले असतील, त्यांचा सातवा-आठवा महिना नेमका चैत्र-वैशाखात येणार! त्यांनी आतापासूनच धास्ती घेऊ नये, एवढाच माझा हेतू. माझी मुलगी २००८ च्या श्रावणात झाली. म्हणजे चैत्र, वैशाख आणि ज्येष्ठ हे तिन्ही महिने मी तिला पोटात घेऊन पनवेलातच काढले. वर्षे भारनियमनाची होती. भर दुपारी वीज जायची आणि पंखा शेवटचा गरका घेऊन निपचित पडायचा. पण नऊ महिन्यांतले सगळ्यांत सुखाचे दिवस कोणते, असे कुणी विचारले तर मी त्या तीन महिन्यांकडेच बोट दाखवीन.

असे का व्हावे, याचा मी पुष्कळ विचार केला आणि पेशाने मास्तरीण असल्यामुळे तो जुन्या पोथ्यांत जाऊन केला. पनवेलकरांना आयुर्वेद काही परका नाही. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२ साली याच गावात 'धूतपापेश्वर'ची स्थापना केली आणि तेव्हापासून आसव-अरिष्टांच्या बाटल्यांवर पनवेलचे नाव घरोघर गेले. तर, चरकाने ग्रीष्म ऋतूत कसे वागावे ते सांगितले आहे. गोड, थंड, पातळ आणि स्निग्ध असे खावे-प्यावे; खारट, आंबट, तिखट कमी करावे; श्रम टाळावेत, उन्हात जाऊ नये. आणि सुश्रुताने गर्भिणीला पहिल्या तीन महिन्यांत काय खायला सांगितले आहे? मधुर, शीत, द्रव! दोन वेगळे ग्रंथ, दोन वेगळी प्रकरणे, आणि शब्द मात्र जवळजवळ तेच. गंमत पुढेच आहे. एरवी निरोगी माणसाने दिवसा झोपू नये, असा चरकाचा दंडक. पण रात्री लहान असतात म्हणून ग्रीष्मात तेवढी मुभा आहे. याच चरकाने, गर्भिणीला तेलाने काठोकाठ भरलेल्या भांड्यासारखे, न हिंदकळवता जपावे, असेही सांगून ठेवले आहे.

हे वाचले आणि माझ्या सुखाचे कोडे उलगडले. वर्षाचे बाकीचे दहा महिने पोटुशी बाई एका तऱ्हेने जगत असते आणि घर दुसऱ्या तऱ्हेने. तिला आडवे व्हायचे असते, घराला चहा हवा असतो. तिला ताक हवे असते, घरात भज्यांचा घाणा चालू असतो. ती प्रत्येक गोष्टीची सवलत मागते, आणि सवलत मागणाऱ्या माणसाला मनातून थोडे ओशाळे वाटतच असते. उन्हाळ्यात मात्र सगळे घरच गर्भारशीच्या नियमांनी चालू लागते. बारा वाजले की खिडक्या लागतात, वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारले जाते, सासरे पंचा ओला करून डोक्यावर घेतात, सासूबाई मधल्या घरात गार फरशीवर आडव्या होतात. पौषात मी दुपारी दोन तास झोपले असते, तर कुणी बोलले नसते, पण कुणीतरी खोकले मात्र असते. वैशाखात मी झोपले तेव्हा जागे होतेच कोण?

आता डोहाळ्यांचे घ्या. डोहाळे म्हणजे अवेळी सुचलेली चैन, अशी आपली समजूत. पौषात कैरी मागणारी डोहाळकरीण आणि तिच्यासाठी बाजार पालथा घालणारा नवरा यांच्या गोष्टी आपण ऐकतच आलो आहोत. पण डोहाळे बहुधा लागतात ते आंबटाचे, आणि आंबटाचा खरा हंगाम उन्हाळाच! नव्या चिंचेचे गोळे, कैऱ्या, रातांबे, करवंदे. सगळा बाजार डोहाळकरणीसाठीच भरल्यासारखा. चरकाने आंबट कमी करायला सांगितले आहे खरे. पण डोहाळे पुरवावेत, असेही जुने वैद्य सांगतात, तेव्हा मी सोयीचे तेवढे वचन उचलले. चैत्रगौरीचे हळदीकुंकू अक्षय्य तृतीयेपर्यंत चालते. त्या महिनाभरात मी कैरीची डाळ आणि पन्हे इतक्या घरी चाखले की, कुणाच्या हाताला किती मीठ लागते ते मला तोंडपाठ झाले. पन्हे हे नुसते जिभेचे चोचले नव्हेत. घामावाटे पाणी जाते तसे मीठही जाते. आणि पाण्याबरोबर थोडे मीठ व थोडी साखर पोटात गेली, तर आतड्यांना ते पाणी लवकर शोषून घेता येते. जुलाबात मीठ-साखर-पाणी देतात ते याच तत्त्वावर. आपल्या आज्यांनी त्यात उकडलेली कैरी आणि वेलदोडा घातला, एवढाच फरक.

कोकम सरबत, ताडगोळे, ताक यांची यादी काय सांगावी! पण नाचणीच्या आंबिलाला मी वेगळा मान देईन. धान्यांमध्ये नाचणीइतके कॅल्शियम दुसऱ्या कशात नाही. शंभर ग्रॅमला सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम. बाळाची हाडे तयार होत असतात तेव्हा याहून स्वस्त औषध कोणते? शिवाय पेणच्या पोह्यांच्या पापडांच्या लाट्या! गच्चीवर पापड वाळत घालायचे काम इतरांकडे आणि तेलात बुडवून लाटी खायचे काम माझ्याकडे, अशी त्या वर्षी वाटणी झाली होती. आमरसाच्या बाबतीत मात्र माझ्या डॉक्टरीणबाई कठोर होत्या. गरोदरपणात रक्तातली साखर वाढू शकते, तेव्हा तपासणी झाल्यावाचून वाटीवर वाटी रिचवायची नाही, असे त्यांनी बजावले होते. ते वाचकभगिनींनीही ध्यानात ठेवावे.

पोशाखाची सोयही उन्हाळ्यातच. थंडीत शाल, पावसाळ्यात रेनकोट आणि निसरडा रस्ता. उन्हाळ्यात जुनी, मऊ झालेली सुती साडी नेसली की काम झाले. त्याच साड्यांतून पुढे दुपटी निघतात. श्रावणात येणाऱ्या पाहुण्याची आगाऊ तयारी कडक उन्हात करण्यासारखे शहाणपण नाही. कोकणच्या पावसात लंगोट वाळवणे काय असते, ते ज्यांनी शेगडीवर डालगे पालथे घालून वाळवले आहेत त्यांनाच विचारा. माझ्या सासूबाईंनी दुपटी, झबली, कुंच्या आणि दोन गोधड्या वैशाखातच शिवून, धुऊन, खणखणीत उन्हात तापवून पेटीत भरल्या. पुढे आठ-आठ दिवस सूर्य दिसला नाही तेव्हा ती पेटी उघडली की, आतून उन्हाचा वास यायचा.

आणि सुटी! मास्तरणीच्या दृष्टीने हा तर मुकुटमणीच. १९६१ च्या कायद्याने नोकरदार बाईला प्रसूतीसाठी १२ आठवड्यांची भरपगारी रजा दिली. २०१७ साली पहिल्या दोन मुलांसाठी ती २६ आठवडे झाली. मधल्या पन्नासपंचावन्न वर्षांत किती शिक्षिकांनी मेची सुटी त्या रजेला जोडता यावी म्हणून देवाला नवस बोलले असतील! मुले घरी, नणंद माहेरपणाला आलेली, जाऊबाई मोकळ्या. घरात हात पुष्कळ आणि घाई कुणालाच नाही. सातव्या महिन्याचे डोहाळजेवण ऐन आंब्याच्या दिवसांत झाले ते याच भरल्या घरामुळे.

इथवर वकिली झाली. पण वकिलाने विरुद्ध बाजूचा पुरावा लपवू नये. गरोदरपणात शरीरातले रक्त जवळजवळ दीडपट होते, अंगाची स्वतःचीच उष्णता वाढते, आणि बाहेरची उष्णता तिच्यावर येऊन पडते. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २०२० साली २७ देशांतल्या ७० अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. तापमान एका अंशाने वाढले की अकाली प्रसूतीचा संभव सुमारे ५ टक्क्यांनी आणि उष्णतेच्या लाटेत सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो, असे त्यात आढळले. ऊन काय करू शकते हे पाहायला आम्हाला दूर जावे लागले नाही. १६ एप्रिल २०२३ ला आमच्याच महापालिकेच्या हद्दीत, खारघरला, उघड्या मैदानावर झालेल्या समारंभात उष्माघाताने १४ माणसे गेली. म्हणून सांगते: लघवी कमी व गडद होऊ लागली, भोवळ आली, चेहऱ्यावर-हातांवर एकाएकी सूज आली, डोके ठणकू लागले, किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर पन्हे पीत बसू नये, तडक दवाखाना गाठावा.

मग उन्हाळ्याचे गुण मी गायले ते खोटे का? खोटे नव्हेत. पण ते उन्हाचे गुण नव्हते, सावलीचे होते, हे मला त्याच वैशाखात उमगले. कर्नाळ्याच्या बाजूने एक ठाकरीण दिवसाआड करवंदांची पाटी घेऊन आमच्या आळीत येत असे. तीही माझ्यासारखीच सातव्या महिन्यातली. एके दिवशी बारा वाजता ती दारात आली तेव्हा सासूबाईंनी तिला ओटीवर बसवले, पाणी दिले आणि म्हणाल्या, "ऊन उतरेपर्यंत बस ग जराशी." ती हसली. "बसून कसं चालंल, बाय? करवंदं मऊ पडतील ना." सासूबाईंनी क्षणभर पाटीकडे पाहिले आणि सगळी पाटीच घेतली. म्हणाल्या, "आता तुझी करवंदं मऊ पडत नाहीत. आता बस." ती बसली, आणि थोड्याच वेळात खांबाला टेकून झोपीही गेली. आम्ही पुढे आठ दिवस करवंदांचे लोणचे, चटणी, सरबत असे काय काय करीत होतो!

तिचा आणि माझा महिना एक, ऋतू एक, डोहाळे एक. फरक होता तो एका ओटीचा आणि एका दुपारचा. दिवाळी झाली की झोपडीला कडी घालून वीटभट्टीवर निघणारी आणि पावसाच्या तोंडावर परतणारी कातकरी कुटुंबे आमच्या रायगड जिल्ह्यात आजही आहेत. त्यांतल्या पोटुशी बायकांना चरकाने सांगितलेली दुपारची झोप कोण देणार? सबंध भट्ट्या काही तुम्हीआम्ही थांबवू शकत नाही. पण आपल्या घरी भांडी घासायला येणारी, शेजारच्या इमारतीच्या बांधकामावर घमेले उचलणारी, कोपऱ्यावर भाजी घेऊन बसणारी बाई तर रोज दिसते ना? तिचे पोट दिसू लागले, तर दुपारचे काम सकाळवर ढकलता येते. तिची पाटी अकरालाच रिकामी करता येते. आणि पगार न कापता तिला चार दुपारी झोपू देता येते.

उन्हाळ्यात गर्भारपण येणे हे दुर्दैव नव्हे, हे मी अजूनही ठासून सांगेन. पन्हे करताना पातेले थोडे मोठे घ्यावे, एवढेच.