ई-रीडरवर बी. रघुनाथ

नांदेडहून लातूरला जाणारी एसटी लोहा, अहमदपूर, चाकूर करत साडेतीन-चार तासांत पोचते. गेली अनेक वर्षे महिन्यातून एकदा तरी मी हा प्रवास करतो. लातूरला माझी थोरली बहीण असते, आणि तिथल्या जुन्या ग्रंथालयांत माझे काही ना काही काम निघतेच. मी कोणत्याही विद्यापीठाचा संशोधक नाही. नोकरी सांभाळून जुन्या हैदराबाद संस्थानातील मराठी लेखनाची टिपणे जमवायची, हा माझा तीस वर्षांचा उद्योग. त्यामुळे पिशवीत चार-पाच जाड पुस्तके आणि खांद्याला रग, हे ठरलेले. २०१८ मध्ये पुतण्याच्या आग्रहावरून मी ई-रीडर घेतला. दोनशे ग्रॅमच्या आसपास वजन, आणि पोटात शेकडो पुस्तके मावतील एवढी जागा. पिशवी हलकी झाली.

प्रस्तुत लेखात या यंत्राविषयी लिहायचे आहे, पण त्याची भलामण करण्याचा हेतू नाही. इतकी वर्षे प्रवासात आणि घरी ते वापरल्यावर माझी एका गोष्टीविषयी खात्री झाली आहे. मराठी वाचकाला या यंत्राचा उपयोग किती होईल, हे यंत्रावर थोडेच ठरते. पुस्तक त्यात कोणत्या रूपात शिरते, यावर ते ठरते. ही गोष्ट मला यंत्राच्या माहितीपुस्तिकेतून कळली नाही. अक्काने एक कथा मागितली, तेव्हा कळली.

शाईचा पडदा

आधी यंत्राची तोंडओळख करून घेऊ. मोबाइलचा पडदा स्वतः उजेड फेकतो, म्हणून उन्हात तो फिका पडतो आणि रात्री डोळ्यांत घुसतो. ई-रीडरचा पडदा वेगळ्या तत्त्वावर चालतो. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतल्या संशोधनातून १९९७ मध्ये 'ई इंक' ही कंपनी निघाली. तिच्या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पारदर्शक द्रव, आणि त्यात पांढरे व काळे कण. दोन्हींचा विद्युतभार एकमेकांविरुद्ध असतो. खालून विजेचा इशारा मिळाला की एका रंगाचे कण वर येतात आणि दुसऱ्या रंगाचे तळाशी जातात. वर आलेले काळे कण म्हणजे आपले अक्षर.

एकदा वर आलेले कण वीज बंद झाली तरी जागचे हलत नाहीत. वीज लागते ती मुख्यतः पान उलटताना. म्हणून हे यंत्र एकदा भारित केले की काही आठवडे चालते. भारनियमनाचे दिवस काढलेल्या आमच्यासारख्यांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. पडदा कागदासारखा बाहेरचाच उजेड परावर्तित करतो, त्यामुळे एसटीच्या खिडकीतून थेट ऊन पडले तरी अक्षर ठळकच दिसते. रात्रीसाठी बहुतेक यंत्रांत कडेला बारीक दिवे असतात. त्यांचा उजेड पानावर पसरतो, डोळ्यांवर येत नाही. अहमदपूरच्या पुढे अंधार पडला आणि बसमधले दिवे बंद झाले, तरी माझे वाचन थांबत नाही.

या पडद्याचा पहिला ई-रीडर सोनीने २००४ मध्ये जपानात आणला. अॅमेझॉनचे किंडल नोव्हेंबर २००७ मध्ये अमेरिकेत आले. त्याच्या दुकानात मराठी पुस्तकांना रीतसर जागा मिळाली ती डिसेंबर २०१६ मध्ये. हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळम या भाषाही त्याच वेळी आल्या. म्हणजे इंग्रजी वाचकापेक्षा आपण नऊ वर्षे उशिरा निघालो.

अक्काची मागणी

अक्का बहात्तर वर्षांची आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिने हयात घालवली. मोतीबिंदूची दोन्ही शस्त्रक्रिया झाल्या आहेत, तरी बारीक टाइप आता तिला वाचवत नाही. माझ्या हातातले यंत्र तिने पहिल्यांदा पाहिले तेव्हा म्हणाली, "काय करायलास रे त्या पाटीवर?" मी अक्षर मोठे करून पाटी तिच्या हाती दिली. एका ओळीत चारच शब्द मावत होते, पण ती चष्मा न पुसता वाचू लागली. त्या दिवसापासून यंत्र माझे कमी आणि तिचे जास्त झाले. मी लातूरला ठेवून येतो आणि पुढच्या महिन्यात नवी पुस्तके भरून देतो.

जाड टाइपाचे महत्त्व आपल्याला नवीन नाही. घरोघरच्या पोथ्या मोठ्या अक्षरांतच छापल्या जात. समईच्या उजेडात वयस्क माणसाला वाचता यावे, ही सोय त्यात होती. कथा-कादंबऱ्यांच्या वाट्याला ती क्वचितच आली. ई-रीडरने प्रत्येक पुस्तकाची पोथी करता येते.

मग एकदा अक्काने विचारले, "बी. रघुनाथांची ती कथा मिळंल का रे? परभणीला असताना वाचली होती, 'फकिराची कांबळी'त." भगवान रघुनाथ कुलकर्णी म्हणजेच बी. रघुनाथ हे मराठवाड्याचे मोठे कवी आणि कथा-कादंबरीकार. निजामाच्या सरकारात बांधकाम खात्यात नोकरी करत त्यांनी लिहिले, आणि १९५३ मध्ये, वयाच्या चाळिशीत ते गेले. परभणीत त्यांच्या नावाचे सभागृह आहे. अक्काचे बालपण त्याच गावात गेले. तिची मागणी मला अगदी सोपी वाटली.

चित्र, फाँट आणि अक्षर

एका ग्रंथालयात जुनी प्रत मिळाली. पाने पिवळी, कडा तुटत्या. त्यांनी घरी नेऊ दिली नाही, पण फोटो काढू दिले. अकरा पानांचे फोटो मी एका पीडीएफमध्ये बांधले आणि यंत्रात घातले. अक्काने नेहमीप्रमाणे अक्षर मोठे करायला बोटे फिरवली. अक्षर मोठे झाले, पण ओळीचा उजवा अर्धा भाग पडद्याबाहेर गेला. प्रत्येक ओळीला पान डावी-उजवीकडे सरकवावे लागे. दोन परिच्छेदांनंतर तिने यंत्र खाली ठेवले. "राहू दे. अक्षर पळतंय."

तेव्हा मला कळले की यंत्रासाठी मराठी पुस्तक तीन रूपांत असू शकते.

पहिले रूप चित्राचे. फोटो किंवा स्कॅन. आपल्याला त्यात शब्द दिसतात, यंत्राला फक्त काळे-पांढरे ठिपके दिसतात. ओळ कुठे मोडावी हे त्याला कळत नाही, म्हणून अक्षर मोठे केले की ओळ नव्याने जुळत नाही. त्यात शब्द शोधताही येत नाही. महाजालावर मोफत मिळणाऱ्या जुन्या मराठी पुस्तकांपैकी पुष्कळशी याच रूपात आहेत. पुस्तक नष्ट होण्यापासून वाचवायला हे रूप उत्तम. दृष्टी अधू झालेल्या वाचकाला मात्र ते बंद कपाटासारखे.

दुसरे रूप जुन्या फाँटचे. १९९० नंतर छापखान्यांत संगणकावर अक्षरजुळणी सुरू झाली. तेव्हाच्या अनेक मराठी फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. पडद्यावर 'क' दिसे, पण संगणकाच्या लेखी ते एखादे रोमन अक्षर किंवा चिन्हच असे. तो फाँट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की निरर्थक रोमन अक्षरांची रांग लागते. माझ्या एका पुस्तिकेची फाइल छापखान्याकडून मिळाली तेव्हा मी हे अनुभवले आहे. छापील प्रत सुरेख होती. फाइल उघडली तर माझेच लेखन मला वाचता येईना.

तिसरे रूप युनिकोडचे. १९९१ मध्ये आलेल्या युनिकोडने जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला कायमचा क्रमांक द्यायला सुरुवात केली. 'क' चा क्रमांक ०९१५. हा क्रमांक नांदेडच्या संगणकात आणि न्यू जर्सीच्या मोबाइलमध्ये एकच. फाँट बदला, आकार बदला, अक्षर 'क'च राहते. ओळ हवी तशी मोडते, शब्द शोधता येतो, दृष्टिहीन वाचकासाठी यंत्र तो मोठ्याने वाचूनही दाखवू शकते.

अक्काची कथा पहिल्या रूपात अडकली होती. तिला तिसऱ्या रूपात आणायचे, तर कोणीतरी बसून ती टंकायला हवी होती.

अकरा पाने

सगळे हाताने टंकावे लागत नाही. फोटो गूगल ड्राइव्हवर चढवून डॉक्युमेंट म्हणून उघडला की संगणक अक्षरे ओळखून युनिकोडात उतरवतो. स्वच्छ छपाई असेल तर हे काम चांगले होते. जुन्या, पुसट छपाईत मात्र 'घ' चा 'ध' होतो, 'भ' चा 'म' होतो आणि अनुस्वार उडतात. अनुस्वारांची अडचण अधिकच, कारण बी. रघुनाथांचे लेखन आजचे शुद्धलेखनाचे नियम येण्यापूर्वीचे. साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ मध्ये आले आणि १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली. त्याआधी 'घरांत', 'गांव' असेच लिहीत. त्यांच्या कादंबरीचे नावच 'आडगांवचे चौधरी'. अशा मजकुराला आजच्या नियमांत बसवण्याचा मोह मी टाळला. लेखकाचा काळ त्या अनुस्वारांतही असतो.

मूळ पुस्तकाचे पान जिथे संपते तिथे मी चौकटी कंसात त्याचा क्रमांक घातला. ई-रीडरवर अक्षराच्या आकारागणिक पाने बदलतात, त्यामुळे 'पृष्ठ ४२' याला अर्थ उरत नाही. उद्या एखाद्या अभ्यासकाला संदर्भ द्यायचा झाला तर छापील प्रतीशी धागा राहिला पाहिजे. मग 'कॅलिबर' या मोफत प्रणालीत ईपब फाइल केली. कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सुरू केलेली ही प्रणाली जगभर वापरली जाते. ईपब हे पुस्तकाचे खुले रूप. बहुतेक ई-रीडर ते थेट वाचतात. किंडलसाठीही २०२२ पासून ईपब फाइल पाठवता येते.

अकरा पानांना चार रात्री लागल्या. मुद्रिते अक्काने तपासली. सुरुवातीला मी दोन पानी परिचय जोडला होता. त्यात बालाघाटाच्या डोंगररांगेचा उल्लेख आला, आणि घाईत 'दऱ्या' चे 'दर्या' झाले. अक्काने ते लगेच पकडले. "डोंगरात दर्या कुठला आणलास रे? समुद्र पाहिलायस का कधी तिकडं?" मराठीतला हा अर्धा र वेगळा आहे, आणि त्यासाठी कळपाटीवर 'ऱ' हे वेगळे अक्षर घ्यावे लागते. संगणकाच्या शुद्धलेखन तपासणीला 'दर्या' चूक वाटत नाही, कारण तोही शब्द आहेच. चूक सापडते ती माणसाने वाचल्यावर.

हक्क कोणाचा

इथे एक प्रश्न वाचकांच्या मनात आलाच असेल. असे पुस्तक टंकण्याचा आपल्याला अधिकार काय? १९५७ च्या कायद्यानुसार स्वामित्वहक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ठरावीक काळ टिकतो. तो काळ पूर्वी पन्नास वर्षांचा होता, १९९२ मध्ये साठ झाला. मोजणी मृत्यूच्या पुढच्या वर्षारंभापासून करतात. बी. रघुनाथ १९५३ मध्ये गेले, म्हणून हयातीत प्रसिद्ध झालेले त्यांचे लेखन १ जानेवारी २०१४ पासून सर्वांसाठी खुले आहे. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या लेखनाची साठ वर्षे प्रकाशनापासून मोजावी लागतात. नव्या आवृत्तीतील प्रस्तावनेचा हक्क प्रस्तावना लिहिणाऱ्याचा, म्हणून मी जुनीच प्रत धरली.

हाच हिशेब आमच्या नांदेडच्या नरहर कुरुंदकरांना लावला, तर ते १९८२ मध्ये गेले, म्हणजे २०४३ उजाडावे लागेल. निलंग्यात जन्मलेले सेतुमाधवराव पगडी १९९४ मध्ये गेले, त्यांच्यासाठी २०५५. तोपर्यंत वारस आणि प्रकाशक यांच्या संमतीवाचून असे काम करणे गैर आहे. त्यांनीच ते करावे, एवढी विनंती आपण करू शकतो. अक्कासारख्या वाचकांना २०५५ पर्यंत थांबायला सांगता येत नाही.

विकत घेतलेल्या ई-पुस्तकाचीही एक बाजू ध्यानात ठेवावी. तिथे आपण बहुधा वाचण्याचा परवाना घेतो, पुस्तक नव्हे. जुलै २००९ मध्ये हक्काच्या वादामुळे अॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या 'नाइन्टीन एटी-फोर' च्या काही विकलेल्या प्रती ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतल्या. नंतर कंपनीने माफी मागितली. फेब्रुवारी २०२५ मध्ये विकत घेतलेली पुस्तके संगणकावर उतरवून तारेने यंत्रात घालण्याची सोय तिने बंद केली. मी विकतची पुस्तकेही वाचतो. पण ज्या पुस्तकाशी माझे काम आहे त्याची छापील प्रत कपाटात ठेवतो, आणि टंकलेल्या मजकुराच्या प्रती दोन ठिकाणी.

एक विनंती

१९६७ च्या ग्रंथालय कायद्यानंतर गावोगावी मान्यताप्राप्त सार्वजनिक ग्रंथालये झाली. अ, ब, क, ड असे त्यांचे वर्ग आहेत. 'ड' वर्गातल्या लहान ग्रंथालयाच्या कपाटातही एखादे पुस्तक असे असते की ज्याच्या प्रती आता बोटांवर मोजण्याइतक्या. हक्कमुक्त असे एकच पुस्तक निवडून वर्षभरात त्याचा शुद्ध युनिकोड मजकूर करणे दोन माणसांना जमते. एकाने टंकावे, दुसऱ्याने मूळ प्रत समोर धरून मोठ्याने वाचावे. नियतकालिकांच्या संपादकांनाही सांगणे आहे, की दिवाळी अंक छापून झाल्यावर त्याचा युनिकोड मजकूर जपून ठेवावा. जुन्या अंकांच्या रद्दीत किती कथा गेल्या, हे आपण जाणतोच.

अक्काने ती कथा एका बैठकीत वाचून काढली. वाचून झाल्यावर तिने यंत्र मिटले, चष्मा काढला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या पुस्तकात अजून कथा होत्या की रे."

पुढच्या खेपेला मी उरलेल्या पानांचे फोटो काढून आणले. आता मी लातूरला गेलो की दुपारी ती कथा यंत्रावर मोठ्याने वाचते, मी मूळ पानांवर बोट ठेवून ऐकतो, आणि अडेल तिथे ती थांबते. तीन कथा झाल्या आहेत.