केसांच्याही आधीचे केरॅटिन

 हाडा-कातड्यातल्या कोलॅजनच्या जोडीने नाव येते ते केरॅटिनचे, आणि ते आले की यादी ठरलेली असते: केस, लोकर, नखे, खूर, गाई-म्हशींच्या शिंगांवरचे कवच, गेंड्याचे शिंग, साळिंदराचे काटे, खवले मांजराचे खवले, काही देवमाशांच्या तोंडातली गाळणी. यातले काहीच चुकीचे नाही. पण प्राणिसृष्टीत केरॅटिन कुठे आढळते, याचे उत्तर म्हणून एवढीच यादी दिली तर गोष्ट शेवटाकडून सांगितल्यासारखी होते. यादीतली प्रत्येक वस्तू सस्तन प्राण्याची आहे आणि मेलेल्या पेशींची बनलेली आहे. पुरावे मात्र वेगळेच सांगतात. केरॅटिन हे मुळात जिवंत, मऊ, ओलसर पेशीच्या आतले प्रथिन आहे. त्यापासून शिंगे आणि केस घडले ते फार नंतर.

आपल्याच शरीरापासून पाहू. माणसात केरॅटिनची ५४ कार्यरत जनुके आहेत आणि त्यांतली केस-नखांच्या कठीण केरॅटिनची जेमतेम १७. उरलेली त्वचेत, अन्ननलिकेत, आतड्यात, यकृतात, स्तनातल्या दुग्धनलिकांत कामाला असतात. अवयवागणिक केरॅटिनचे प्रकार बदलतात. म्हणूनच पसरलेल्या कर्करोगाची गाठ मूळची कोणत्या अवयवातली, याचा माग काढताना विकृतिशास्त्रज्ञ तुकड्यातले केरॅटिन तपासतात. यकृताच्या पेशीला ना टणकपणा हवा, ना धार. मग तिथे हे प्रथिन करते काय? बाजेच्या सुंभासारखी त्याची वीण पेशीभर पसरलेली असते आणि ओढाताण झाली तरी पेशी फाटू देत नाही. याचा सर्वांत बोलका पुरावा १९९१ साली मिळाला. जरासे घासले तरी त्वचेवर फोड येण्याचा एक आनुवंशिक विकार आहे. त्याचे कारण केरॅटिनच्या जनुकातला दोष असल्याचे तेव्हा दिसले. या विकारात फुटतात त्या पेशी बाह्यत्वचेच्या अगदी तळाच्या थरातल्या, म्हणजे पूर्ण जिवंत.

यावर आक्षेप असा येतो की, हे माणसातले झाले. प्राणी पाण्यातून कोरड्या जमिनीवर आले, त्यांना राठ आवरणाची गरज पडली, तेव्हाच केरॅटिन उपयोगाला आले असेल. पण ज्यांचा जमिनीशी कधी संबंधच आला नाही अशा प्राण्यांतही केरॅटिनची जनुके सापडतात. माशांच्या त्वचेत ते आहे (त्यांचे खवले मात्र हाड आणि कोलॅजनचे), बिनजबड्याच्या लॅम्प्रेत आहे आणि पाठीचा कणा नसलेल्या अँफिऑक्ससमध्येही आहे. जिथे घासाघीस, तिथे ते पाण्यातही टणक होते: लॅम्प्रेचे दात, पावसाळी डबक्यातल्या बेडूकपिल्लांच्या चोची, विणीच्या काळात कार्प कुळातल्या अनेक नरांच्या डोक्यावर येणारे बारीक दाणे. २००८ मध्ये व्हिएन्नातल्या संशोधकांना आणखी एक गोष्ट दिसली. केसांच्या केरॅटिनशी जवळचे नाते असलेली जनुके हिरव्या अ‍ॅनोल सरड्यात आहेत आणि ती त्याच्या नख्यांत काम करतात. सरड्याला केस नसतात. याचा अर्थ, केसांसाठी लागणारे प्रथिन केसांच्या आधीपासूनच तयार होते.

कीटकांचे कवच या चर्चेत येत नाही, कारण ते कायटिनचे, म्हणजे शर्करांच्या साखळीचे असते. कोळ्याचे आणि रेशीमकिड्याचे धागे प्रथिनांचे खरे, पण त्यांचे घराणे निराळे. सगळ्यांत वजनदार आक्षेप पिसांचा आहे. पिसे, चोची, सापांचे खवले, कासवाच्या पाठीवरची शृंगी पटले ही केरॅटिनची म्हणून शिकवली जातात. मग कठीणपणा हाच त्याचा मूळ धर्म का मानू नये? १९३० च्या दशकात इंग्लंडमधील लीड्स येथे विल्यम अ‍ॅस्टबरी यांनी क्ष-किरणांनी केसांची रचना तपासली. ओलावून ताणलेल्या केसाची रचना बदलते आणि पिसाची ठेवण त्या बदललेल्या रचनेशी जुळते, असे त्यांना आढळले. त्यावरून एकाला अल्फा, दुसऱ्याला बीटा केरॅटिन म्हटले गेले. जनुके वाचता येऊ लागल्यावर या दोन प्रथिनांत रक्ताचे नाते नाही हे कळले. बीटा प्रथिने आकाराने लहान आहेत, सरपटणारे प्राणी आणि पक्षी यांच्यातच आढळतात, आणि त्यांची जनुके वेगळ्याच समूहात बसलेली असतात. बाजारात दोन्हींना एकच नाव चालेल. उत्क्रांतीचा हिशेब मांडताना ती वेगळी धरायलाच हवीत, असे माझे ठाम मत आहे. तरीही पिसातून खरे केरॅटिन हद्दपार झालेले नाही. बीटा प्रथिनांनी पीस भरते ते नंतर. वाढत्या पिसाच्या पेशींत खरे केरॅटिनही काम करत असते. ते बिघडले तर काय होते, हे उलट्या पिसांच्या कोंबडीत दिसते. तिची पिसे बाहेरच्या बाजूला वळतात, आणि २०१२ मध्ये त्या वळणाचे कारण म्हणून ज्या जनुकात बिघाड सापडला ते बीटा प्रथिनाचे नव्हते, अल्फा केरॅटिनचे होते.