मीटर खरं बोलतंय का?

मागच्या बैठकीत आमच्या गटातल्या एका ताईंनी विचारलं, "लेकीला इन्स्ट्रुमेंटेशनची नोकरी लागतीय. आठवड्यातले चार दिवस फिरती. हे काम असतं तरी काय? पाठवू का नको?" आज त्यावरच बोलू.

दूध संकलन केंद्रातली थंड टाकी तुम्ही पाहिलीच असेल. दूध ४ अंशांवर आणायचं असतं. आत किती गार झालं ते सेन्सर सांगतो. तोच चुकला तर? पडद्यावर ४ दिसतात, आत ९ असतात, आणि दूध नासतं. म्हणून फिरतीवरची इंजिनिअर आधी सेन्सरचीच परीक्षा घेते. बारीक फोडलेला बर्फ आणि थोडं स्वच्छ पाणी थर्मासात कालवलं की ते ० अंशावर राहतं. त्यात सेन्सर धरायचा. शून्य दाखवलं तर तिथपर्यंत तरी खरा. तराजू रिकामा असताना काटा बघतो ना आपण, तसंच.

कारखान्यात टाकीतल्या पाण्याचा निरोप बऱ्याचदा तारेतून ४ ते २० मिलिअँपिअर विजेने येतो. शून्यापासून का नाही? टाकी रिकामी असली तरी ४ येतातच. काहीच आलं नाही तर समजायचं, तार तुटली. मला तर ही युक्ती फार आवडली!

विजेचा धोका आहेच. दुरुस्तीआधी मेन स्विच बंद करून त्याला स्वतःचं कुलूप लावायचं, किल्ली आपल्याच खिशात. मग वीज नाही हे मीटरने तपासायचं. "बंद केलंय" असं कुणी सांगितलं म्हणून हात घालायचा नाही, साहेबांनी कितीही घाई केली तरी.

शिक्षण म्हणाल, तर दहावीनंतर ३ वर्षांचा डिप्लोमा, किंवा आयटीआयचा २ वर्षांचा इलेक्ट्रिशियन कोर्स करून तंत्रज्ञ म्हणून सुरुवात.

आता खरी काळजी, मुक्कामाची. ती खोटी नाही, पण नुसती काळजी करण्यापेक्षा विचारून घ्यावं. राहायचं कुठे, खर्च कुणाचा, सोबत कोण, रात्री बिघाड झाला तर गाडी कोण देणार? आणखी एक. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा फिरतीवरही लागू आहे. कामासाठी गेलेली जागा आणि कंपनीने दिलेली गाडी, दोन्ही त्यात येतात. १० किंवा जास्त माणसं असतील तिथे तक्रार समिती हवीच. तिच्या अध्यक्षबाईंचा नंबर रुजू होतानाच मागावा.

ताईंनी हे सगळे प्रश्न लेकीच्या वहीत लिहून घेतलेत. सोमवारी ती कंपनीत फोन करणार आहे.