सुपरचार्जर : दाब आणि फेरे



लोहाराच्या भट्टीपुढे आपण कधी ना कधी उभे राहिलो असू. भट्टी तीच, कोळसे तेच. पण भात्याचा वारा लागला की निखारा फुलतो आणि लोखंड लाल होऊन मऊ पडते. नुसते जळण वाढवून भागत नाही, वाराही वाढवावा लागतो, हे लोहाराला कोणी शिकवावे लागत नाही. मोटारगाडीच्या इंजिनालाही हाच न्याय लागू आहे. पेट्रोल हवे तेवढे सोडता येईल. परंतु ते जाळण्यास लागणारी हवा इंजिनाला स्वतःच्या श्वासानेच ओढून घ्यावी लागते, आणि त्या श्वासाला मर्यादा असते. ती ओलांडण्यासाठी इंजिनाला जो भाता जोडतात, त्याचे नाव सुपरचार्जर. कारखान्यातून बाहेर पडलेल्या गाडीवर असा भाता मागाहून चढविण्याची हौस वेगवान गाड्यांच्या शौकिनांत, विशेषतः अमेरिकेत व युरोपात, मोठी आहे. हा भाता कितपत भरवशाचा, आणि तो बिघडतो तो कशाने, याचा आज विचार करू.

हा वाद जुना आहे. इंग्लंडातील बेंटली कंपनीच्या साडेचार लिटर गाडीची शक्ती सुमारे ११० अश्वशक्ती होती. टिम बर्किन या शर्यतपटूने ॲम्हर्स्ट व्हिलियर्स या अभियंत्याकरवी तिच्यावर सुपरचार्जर बसवून घेतला. रस्त्यावरच्या गाडीची शक्ती त्यामुळे १७५ पर्यंत गेली आणि शर्यतीच्या गाडीची २४० पर्यंत. कंपनीचे संस्थापक डब्ल्यू. ओ. बेंटली यांना हे मुळीच रुचले नाही. शक्ती हवी तर इंजिनच मोठे करावे, असे त्यांचे मत होते. १९३० साली फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांच्या शर्यतीत सुपरचार्जर लावलेल्या दोन्ही बेंटली गाड्या अर्ध्यावरच थांबल्या. त्यांची प्रतिस्पर्धी मर्सिडीझ हीही सुपरचार्जरवालीच. तीही शेवटपर्यंत टिकली नाही. पहिले दोन क्रमांक मिळाले ते सुपरचार्जर नसलेल्या, साडेसहा लिटरच्या बेंटली गाड्यांना. परंतु त्याच वर्षी पो येथे झालेल्या फ्रेंच ग्रां प्रीमध्ये बर्किनने आपली सुपरचार्जरवाली बेंटली दुसऱ्या क्रमांकावर आणली. तेव्हा यंत्र चांगले की वाईट, एवढ्या प्रश्नाने निकाल लागत नाही. ते किती वेळ आणि किती जोराने राबवावयाचे, हा खरा प्रश्न. मर्सिडीझच्या रचनाकारांनी तो ओळखला होता. त्यांच्या त्या गाडीतील सुपरचार्जर पायपट्टी पूर्ण दाबली तरच गुंतत असे, आणि तोही थोडा वेळच वापरावयाचा असे.

बेंटलीचा सुपरचार्जर गाडीच्या नाकाशी, क्रँकशाफ्टच्या टोकाला जोडलेला असे. त्यामुळे त्याची गती इंजिनाच्या गतीइतकीच, म्हणजे मिनिटाला काही हजार फेरे. आज मागाहून बसविल्या जाणाऱ्या सुपरचार्जरांपैकी पुष्कळसे केंद्रोत्सारी जातीचे असतात. त्यांत तळहाताएवढे एक पंखचक्र असते. ते हवा मध्यभागी घेते आणि कडेकडे भिरकावून दाबते. एवढ्याशा चक्राने एवढे काम करावयाचे, तर त्याला अफाट गतीने फिरावे लागते. म्हणून गती दोनदा वाढवितात : एकदा पट्ट्यावरील लहानमोठ्या पुलींनी, आणि दुसऱ्यांदा सुपरचार्जरच्या पोटातील दात्यांच्या चक्रांनी.

येथे थोडे गणित करू. समजा, इंजिन मिनिटाला ७,००० फेरे घेते. त्याच्या दंडावरील पुली सात इंचांची आणि सुपरचार्जरची साडेतीन इंचांची. म्हणजे गती दुप्पट झाली. पोटातील चक्रे ती आणखी ३.६ पटींनी वाढवितात. गुणाकार केला तर पंखचक्राचे मिनिटाला ५०,४०० फेरे होतात. चक्राचा व्यास नऊ सेंटिमीटर धरला, तर त्याची कड ताशी सुमारे ८५० किलोमीटर वेगाने धावत असते. हा वेग प्रवासी जेट विमानाचा आहे, आणि तो गाडीच्या टपाखाली, पट्ट्याने फिरणाऱ्या एका चकतीच्या कडेला आहे.

आता मालकाला आणखी शक्ती हवीशी वाटते. तो सुपरचार्जरची साडेतीन इंची पुली काढून तीन इंची बसवितो. काम तासाभराचे, खर्चही थोडा. पण फेरे ५८,८०० होतात. वाढ केवळ सतराएक टक्क्यांची दिसते. मात्र फिरत्या चक्राला फाडू पाहणारा ताण गतीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून तो सुमारे छत्तीस टक्क्यांनी चढतो. उत्पादकाने त्या चक्राची कमाल गती ५२,००० ठरविली असेल, तर ती केव्हाच मागे पडली. बेअरिंग तापतात, तेलाचा थर विरळ होतो, चक्र ताणले जाऊन घराच्या भिंतीला घासू लागते. आणि चक्र फुटलेच, तर त्याचे तुकडे हवेच्या वाटेने इंजिनाच्या पोटात जाऊ शकतात. तेथून पुढची हानी सुपरचार्जरपुरती राहत नाही.

पुष्कळांचा घात होतो तो दाबमापकाच्या काट्याने. काटा जितका वर, तितकी शक्ती जास्त, अशी समजूत असते. वस्तुतः इंजिनाकडे ढकललेली हवा जेथे अडते, तेथे दाब साचतो. मालकाने एक्झॉस्टची मोकळी नळी बसविली, की हवा सुलभ वाहू लागते. इंजिन अधिक हवा घेते, शक्ती वाढते, आणि दाबाचा काटा मात्र खाली येतो. हे सुलक्षण असताना मालक ‘दाब गेला’ म्हणून धास्तावतो आणि पुली लहान करतो. पट्टा घसरत असेल, गाळणी धुळीने भरली असेल, रबरी नळीला चीर गेली असेल, तरीही काटा उतरतो. या प्रत्येक दुखण्याचे औषध वेगळे. पण दिले जाते ते एकच, लहान पुली.

आपल्याकडचे उदाहरण घ्यावयाचे, तर गोव्याच्या किनाऱ्यावरून बेळगावला चढून आले की वातावरणाचा दाब सुमारे आठ टक्क्यांनी उतरतो. अशा गाडीचा काटा बेळगावात किनाऱ्यापेक्षा कमीच दाखवील. पंखचक्राचे फेरे मात्र दोन्हीकडे तेच. काटा खाली आला म्हणून चक्राला अधिक पळविण्याची सवलत मिळत नाही. चक्राला दाब कळत नाही, त्याला फेरेच तेवढे कळतात.

पुली योग्य असूनही एक धोका उरतो. जोरात पळणारी गाडी तिसऱ्या गिअरमधून चौथ्यात टाकताना हात चुकून दुसऱ्यात पडला, तर चाकेच इंजिनाला फिरवू लागतात. इंजिनाची गती रोखणारी विद्युत्-योजना पेट्रोल तोडू शकते. चाकांनी ढकललेल्या इंजिनाला ती थांबवू शकत नाही. इंजिन क्षणभर ८,५०० फेऱ्यांवर गेले, तर मूळच्या साडेतीन इंची पुलीवरही पंखचक्र ६१,२०० वर जाते. म्हणून मर्यादेच्या अगदी काठावर पुली निवडणे शहाणपणाचे नव्हे. हाताच्या चुकीला काही जागा ठेवावीच लागते.

याशिवाय उष्णतेचा हिशेब आहे. हवा दाबली की तापते. सायकलीच्या पंपाचा हा अनुभव सर्वांना आहे. तीस अंशांची हवा दीडपट दाबाला नेली, तर आदर्श यंत्रातही ती सुमारे ६७ अंशांवर जाते, आणि प्रत्यक्षातील यंत्रात ऐंशीच्या पुढे. चक्र योग्य गतीपलीकडे फिरविले, की हवेचा लाभ घटत जातो आणि उष्णता तेवढी वाढते. अशी तप्त हवा सिलिंडरात गेली, तर मिश्रण आपोआप भडकते व इंजिन ठोकू लागते. मूळचे इंजिन सुपरचार्जरविना चालण्यासाठी रचलेले असेल, तर त्याचे दट्टे हा मार फार काळ सोसत नाहीत.

तर मग करावे काय? प्रथम, आपल्या सुपरचार्जरची कमाल गती उत्पादकाच्या कागदावरून पाहावी आणि वर केलेला गुणाकार स्वतः करावा. त्यात इंजिनाची नेहमीची गती न धरता, चुकून गाठली जाईल अशी गती धरावी. दाब उतरला, तर पुलीला हात लावण्यापूर्वी पट्टा, गाळणी व नळ्या तपासाव्यात. काही सुपरचार्जर इंजिनाचेच तेल घेतात, काहींत तेल स्वतंत्र असते. ते ज्याच्या त्याच्या मुदतीत बदलावे, आणि काढलेल्या तेलात धातूची चमक दिसली तर गाडी पुढे हाकू नये. थंड इंजिन सुरू होताच त्याला गरगरवू नये. पट्ट्याची भुकटी, बदललेला आवाज, पंखचक्राचे बाजूला हलणे, या खुणा यंत्र आपल्याला आधीच देत असते.

एवढे पथ्य पाळणाऱ्याच्या गाडीवर सुपरचार्जर वर्षानुवर्षे बिनतक्रार चालू शकतो. भाता वाईट नसतो. अति तेथे माती, ही म्हण आपल्या वाडवडिलांनी मोटारी पाहण्याआधीची आहे. पंखचक्राच्या बाबतीत ते ‘अति’ किती, हे मात्र आपल्याला आकड्यांत सांगता येते. पुली विकत घेण्यापूर्वी तो आकडा कागदावर मांडून पाहावा, एवढेच आजचे सांगणे.