घरच्या कुत्रीची नसबंदी : समज आणि गैरसमज

राखणीला कुत्रा हवा, कुत्री नको, असे आपल्याकडे बहुतेक जण म्हणतात. कारण उघड आहे. कुत्री वर्षातून साधारण दोनदा माजावर येते आणि गाभण राहिली की दोन महिन्यांत व्यालीच. मग पिल्ले पोत्यात घालून गावाबाहेर सोडली जातात. यावर उपाय नसबंदीचा. पण "मुक्या जनावराला कशाला चिरायचे?" असे म्हणून लोक मागे सरतात. म्हणून त्यात नेमके काय होते ते आम्ही येथे सांगत आहोत.

जनावर साधारण सहा महिन्यांचे झाले की डॉक्टरांना विचारावे. आधी ते तपासणी व वजन करतात. आदल्या रात्रीपासून खायला देऊ नये, कारण भुलीत उलटी होऊन ती फुफ्फुसात जाऊ शकते. पूर्ण भूल दिल्यावर कुत्रीच्या पोटाला छेद घेऊन दोन्ही अंडाशये व बहुधा गर्भाशयही काढतात. नराचे वृषण काढतात. ते काम लहान असते. भुलीचा थोडा धोका असतोच, म्हणून पशुवैद्यकाशिवाय कोणाच्या हाती जनावर देऊ नये.

खरी जबाबदारी पुढे घरच्यांची. दहा-बारा दिवस जखम कोरडी ठेवावी, आंघोळ घालू नये, टाके चाटू देऊ नयेत. जखमेतून रक्त वा पू आला किंवा जनावराने खाणे सोडले, तर लगेच दवाखाना गाठावा. नराला काही आठवडे मादीपासून दूर ठेवावे. तेवढ्यात गर्भ राहू शकतो.

"एकदा तरी व्यायला हवी" या समजुतीला शास्त्राचा आधार नाही. उलट गर्भाशयात पू होऊन कुत्र्या दगावतात. ते संकट या शस्त्रक्रियेने टळते. कुत्रा राखण सोडतो, हेही खरे नाही. अंग मात्र सुटते, म्हणून भाकर बेताने घालावी. आणि नसबंदी झाली तरी रेबीजची लस चुकवू नये.

परभणीत १९७२ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तेथील दवाखान्यात चौकशी करावी. मोकाट कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण ही २०२३ च्या केंद्रीय नियमांनुसार स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी आहे; त्यासाठी वस्तीने मिळून अर्ज द्यावा. घरच्या जनावराची जबाबदारी मात्र आपलीच. पोते उचलण्याआधी बंधू-भगिनींनी एवढा विचार करावा.