धुरकट फोटो आणि कुरवाची पाठ

हिवाळ्यात देवबाग, तळाशीलच्या पुळणीवर कुरव बसतात. आपण लांबूनच फोटो काढतो आणि तो धुरकट, निळसर येतो. का बरं? हवेतली वाफ आणि मिठाचे कण उजेड विखुरतात. तो उजेड पक्षी आणि लेन्सच्या मध्ये पडद्यासारखा येतो; काळं तेही राखाडी दिसतं. अंतर वाढलं की पडदा जाड.

मग आपण 'डिहेझ'ची पट्टी ओढतो. फोटो खुलतो, पण पाठही काळवंडते. घोटाळा इथेच होतो. स्टेप गल आणि ह्यूग्लिन्स गल ओळखताना पाठीचा राखाडी किती गडद, हेच तर बघायचं असतं! फोटो सुंदर, नोंद मात्र चुकीची.

म्हणून आधी व्हाइट बॅलन्स. त्यासाठी उन्हातली पांढरी छाती निवडू. पोट नको, त्यावर वाळूची पिवळी झाक असते. मग पंखांची टोकं काळी होईपर्यंतच ब्लॅक पॉइंट सरकवू. तिथे थांबायचं. नोंदीसोबत मूळ फोटोही ठेवू.

आणि हो, आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी गेलो तर ऊन आपल्या पाठीशी असतं. निम्मं काम तिथेच होतं.